रस्त्यापलीकडची छत्री

मेणबत्तीचा वास आला की मला साळवे मॅडमचा राग आठवतो. मॅडम आता नाहीत, पण तो राग अजून ताजा आहे.

आमच्या शाळेत एक लोखंडी कपाट होतं. शाळा सेलूला, बुद्धीनं मागं राहिलेल्या मुलामुलींची, निवासी. मोठी मुलं वर्गात मेणबत्त्या, खडू आणि कागदी पाकिटं करायची आणि ती सगळी त्या कपाटात जायची. पाहुणे आले की मुख्याध्यापक कपाट उघडायचे. पाहुणे दोन मेणबत्त्या हातात घेऊन "वा, वा" म्हणायचे, फोटो काढायचे आणि जायचे. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की मॅडम कपाट धाडकन लावायच्या.

"परभनी जिल्ह्यात लाईट जाती हे खरंय," त्या म्हणायच्या, "पण इतकी न्हाई जात!"

मॅडम व्यवसाय शिक्षिका होत्या, म्हणजे मेणबत्त्या शिकवणं हेच त्यांचं सरकारी काम. पौर्णिमेला बुद्धविहारात वंदनेसाठी मेणबत्त्या लागतात, तेवढ्या त्या स्वतः विकत घेऊन जायच्या. "आपल्या समाजापुरतं गिऱ्हाईक मी हाय. बाकीच्या मेणबत्त्यांचं तुमी बगा," असं मुख्याध्यापकांना तोंडावर सांगायच्या.

मी ताडकळसचा. माझे आईवडील आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी कुणालाही छाती पुढं काढून सांगतो. बी.ए. झालो, मग विशेष शिक्षणाचा कोर्स केला आणि या शाळेवर लागलो. पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "काय शिकलाव?" मी सगळं सांगितलं, टक्केवारीसकट. त्यांनी मान डोलावली आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका मुलाकडं बोट केलं.

"छान. मग या पदवीधर, त्या लेकराला चड्डीची नाडी बांधायला शिकवा."

त्या दिवसापासून मी शाळेत 'पदवीधर' झालो. शिपाईसुद्धा तसंच म्हणायचा. मला राग यायचा नाही. मॅडमच्या तोंडी त्या शब्दात टोमणाही असायचा आणि कौतुकही, आणि नेमकं कशाचं माप जास्त आहे ते कधी कळायचं नाही.

दिसायला मॅडम ठेंगण्या, रंगानं सावळ्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला. आणि हातात छत्री. बायकांची रंगीत, घडीची छत्री नव्हे. बाप्यांची, काळी, वाकड्या मुठीची. पावसाळा असो की नसो, रस्त्यावर निघाल्या की ती उघडायची. परभणीचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही, पण मॅडम डिसेंबरातही ती उघडायच्या. मिटलेली असली तर तिच्या टोकानं बोट दाखवायच्या, मुठीनं दार ठोकायच्या, आणि पळणाऱ्या पोराचं बखोट त्या वाकड्या मुठीत अलगद अडकवून त्याला माघारी आणायच्या. सगळी मुलं छत्री ओळखायची. ज्यांना मॅडमचं नाव घेता यायचं नाही ती मुलं हात डोक्यावर गोल धरून "मॅडम" सांगायची.

एकदा स्टेशनावर एका ऑटोवाल्यानं विचारलं, "येड्यांच्या शाळेत जायचंय का बाई?"

"व्हय," मॅडम म्हणाल्या. "तू कितवीला होतास तिथं?"

त्यानं ऑटो चालू केला. मॅडम उतरताना तो "माझ्या भावाचं एक लेकरू तसंच हाय" असं हळूच म्हणाला. पुढच्या आठवड्यात ते लेकरू शाळेत दाखल झालं.

शाळेत मूल अठरा वर्षांचं झालं की त्याचं नाव कमी होतं. मग निरोपाचा कार्यक्रम. मुलाला नवा शर्ट, आईबापाला नारळ, जेवायला पुरी आणि बासुंदी. मूल खुशीत असतं, त्याला वाटतं आपला वाढदिवस आहे. मॅडम त्या जेवणाला कधीच बसल्या नाहीत. डबा घेऊन कार्यशाळेच्या खोलीत जायच्या.

"हे निरोपाचं जेवन न्हाई, तेराव्याचं हाय," त्या म्हणायच्या.

मला ते बोलणं फार कठोर वाटायचं. संगीताच्या गावाला जाऊन येईपर्यंत.

संगीता आमच्याकडं दहा-बारा वर्षं होती. आली तेव्हा अंगावर कपडा ठेवायची नाही. गेली तेव्हा स्वतःची वेणी घालायची, साऱ्या वसतिगृहाचे कपडे घडी करून ज्याचे त्याच्या खाटेवर ठेवायची. ती जाऊन वर्ष झालं असेल. गंगाखेडच्या पलीकडं तिचं गाव. मॅडम माहेरी गंगाखेडला निघाल्या होत्या, मलाही सोबत घेतलं.

संगीता ओसरीवर बसली होती. केस कापून टाकलेले. मॅडमनी "संगे" म्हणून हाक मारली तर तिनं बघितलं, आणि परत समोर बघायला लागली. मॅडमनी पदर सोडून तिच्या पुढ्यात टाकला. घडी कर, म्हणाल्या. तिनं तो हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

तिची आई चांगली बाई. चहा केला, खारी आणली. "लय गुनाची हाय बगा मॅडम," ती म्हणाली. "काय तरास न्हाई. बशिवलं तिथं बसती."

"काम सांगत जावा की तिला. कपड्याच्या घड्या लय सुरेख घालायची."

"कशाला मॅडम? लोक मनतील, असली लेक बी राबवून घ्यायलेत. देवानं दिलीय, बसून खाईल."

 परतीच्या एसटीत मॅडम खिडकीजवळ बसल्या. गोदावरीचा पूल लागला तेव्हा नदीकडं बघत म्हणाल्या, "काय तरास न्हाई... बारा वर्सं आपन तिला मानूस केलं, पदवीधर. आन आता तिची सगळ्यात मोठी तारीफ काय, तर तरास न्हाई."

त्यानंतर मॅडमच्या डोक्यानं एकच घेतलं. शाळा सुटल्यावर काय?

जिथं जिथं काही असेल असं वाटलं तिथं त्या गेल्या. आयटीआयमध्ये गेल्या. तिथल्या साहेबांनी चांगलं बोलून सांगितलं, अपंगांना जागा राखीव आहेत, पण मुलगा निदान शाळा पास पाहिजे. आमच्या मुलांना वाचता येत नाही, म्हणून तर ती आमच्याकडं. एका कार्यालयात त्यांना सांगितलं, "मॅडम, अठरा पूर्ण झाले की तो शाळेचा लाभार्थी राहत नाही."

"मग काय ऱ्हातो साहेब?" मॅडमनी विचारलं. साहेब फायली हलवायला लागले.

मोठ्या शहरात अशा मुलांसाठी कार्यशाळा आहे असं कळलं, तर रजा टाकून तिथं गेल्या. दोन दिवसांनी परत आल्या. आम्ही सगळे भोवती जमलो. "कसं काय मॅडम?"

"जागा न्हाई," त्या म्हणाल्या. "आन असती तरी काय? तिथं बी मेनबत्त्याच!"

सगळे हसले. मॅडमही हसल्या. मग डबा उघडला, पण भाकरी तशीच ठेवली.

सेलू कापसाचं गाव. जिनिंगच्या आवारातून उडालेला कापूस रस्त्याकडच्या बाभळींना लटकलेला असतो. बाजारात रशीदभाईंचं गादीचं दुकान होतं. तीन पिढ्यांचा पिंजाऱ्याचा धंदा. मॅडम आपली उशी भरायला तिथं गेल्या आणि तासभर नुसत्या बघत उभ्या राहिल्या. जुनी गादी उसवायची, आतला गोळे झालेला कापूस उपसायचा, तो यंत्रातून पिंजून आला की नव्या खोळीत भरायचा, काठीनं झोडपून सारखा करायचा, मग दाभणानं टाके मारायचे. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन म्हणाल्या, "बालाजीला हे काम येईल."

बालाजी पाथरी रोडवरच्या एका खेड्यातला. त्या उन्हाळ्यात त्याला अठरा वर्षं पूर्ण होणार होती. अंगानं दणकट, बोलणं चार-पाच शब्दांचं. त्याचे वडील मारोतराव, घरचं थोडं रान आणि तीन म्हशी. रोज सकाळी मोटारसायकलला कॅन बांधून सेलूत दूध घालायचे, संध्याकाळी पुन्हा एक फेरी. पोराला गाडीवर घालून आणायचं आणि न्यायचं त्यांनी लगेच कबूल केलं. "दुधाबरोबर हे एक कॅन ज्यादा," असं म्हणाले. त्यांचा विनोद असाच, आणि डोळे तेव्हा हसायचे नाहीत.

पण मॅडमची एक रीत होती. मुलाला एखादं काम शिकवण्याआधी त्या स्वतः ते शिकायच्या. शाळा सुटली की दुकानात जाऊन जमिनीवर मांडी घालून बसायच्या, तोंडाला रुमाल बांधून कापूस उपसायच्या. रशीदभाई अवघडून जायचे.

"क्या मॅडम, आप कुर्सी पे बैठो ना. चाय पियो. हे तुमचं काम आहे का?"

"माजं न्हाई मनून कुनी सांगितलं? ही खोळ दाखवा. आधी कुटं भरायचं?"

"पहिले कोने. आमचे अब्बा म्हणायचे, आधी कोपरे, मग पोट. कोपरा रिकामा ऱ्हायला तर गादी कितीबी भरा, झोपणारा घसरतोच."

हे वाक्य मॅडमनी उचललं. शिक्षकांच्या बैठकीत, पालकांत, अधिकाऱ्यापुढं, जिथं तिथं ते यायला लागलं. "आपली शाळा पोट भरती, साहेब. कोपरे रिकामे ऱ्हायलेत." सांगताना केसांत कापसाचे तंतू तसेच असायचे.

मग बालाजी आला. पहिल्या दिवशी त्यानं सगळा कापूस खोळीच्या मधोमध कोंबला. गादी उभी फुगली. रशीदभाईंचा मुलगा म्हणाला, "ही काय झाली रे बालाजी?" बालाजीनं नीट बघितलं, गादीच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाला, "म्हैस. गाभन." दुकान हसून लोळलं, आणि सगळ्यात जास्त तोच. तिथून त्याची तिथली भीती मोडली.

मॅडमचा शिकवण्याचा हिशोब चार शब्दांचा होता: जवळ, दारात, समोर, गायब. आधी मुलाच्या जवळ बसून हाताला हात लावायचा. मग उठून दारात जायचं, तिथून नुसतं बोलायचं. मग रस्ता ओलांडून समोर उभं राहायचं, बोलायचं नाही. आणि एक दिवस तिथूनही जायचं. "मास्तरचं शेवटचं काम मंजे गायब होनं," त्या म्हणायच्या. "जो मास्तर गायब होत न्हाई त्येनं शिकिवलंच न्हाई."

दुकानासमोर एक कायम बंद शटर होतं. त्याच्यापुढं मॅडम छत्री उघडून उभ्या राहायला लागल्या. शाळेच्या आधी सकाळी, शाळा सुटल्यावर संध्याकाळी. बाजारातले टारगट विचारायचे, "मॅडम, एसटी हितं थांबत न्हाई हो!"

"मला ठावं हाय. म्या एसटीची वाट बघायले न्हाई, मानसाची बघायले."

आणि माणूस तयार व्हायला लागला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. बालाजी यंत्राजवळ जायचा नाही, दाभण त्याला द्यायचे नाहीत; पण उसवणं, उपसणं, भरणं आणि झोडपणं ही चार कामं त्याची झाली. झोडपायची काठी तर दुसऱ्या कुणाला घेऊ द्यायचा नाही. त्याच्या गावात एका मुलीच्या लग्नात दिलेली गादी त्यानंच भरलेली होती. वरातीच्या टेम्पोत ती चढवताना मारोतरावांनी सगळ्यांना थांबवलं आणि बालाजीला तिच्यावर बसवून फोटो काढला. तो फोटो घेऊन ते शाळेत आले.

"मॅडम, लोक इचारायचे, पोरगं काय करतंय? म्या खाली मान घालायचो. आता मनतो, सेलूला कामाला हाय."

एवढं एकच वाक्य. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि "मोबाईल नीट धरा, चमकायलाय," असं म्हणाल्या.

पावसाळा सरला तेव्हा मॅडमनी शाळेत जाहीर केलं, "आजपासून मी गायब." शटरपुढं त्या उभ्या दिसेनात. दिवाळीनंतरच्या पालकसभेत त्या बोलायला उठल्या: बालाजी एकटा काम करायलाय. सभेत कुजबुज झाली. सभा संपल्यावर आया मॅडमभोवती जमल्या. माझ्या सुमनचं काय होईल? आमच्या दीपकला लॉन्ड्रीत घेतील का? मुख्याध्यापकांनीही मान्य केलं की पुढच्या उन्हाळ्यात बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी आतापासून दुकानं शोधायची. मॅडमच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. मेणबत्त्यांचे साचे त्यांनी माळ्यावर टाकले आणि वर पोतं झाकलं. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात त्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं आणि आठ-पंधरा दिवस बहिणीकडं गंगाखेडला राहिल्या.

त्या गेल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी रशीदभाईंचा मला फोन. "सर, जरा आओ. बालाजी बसून आहे."

मी गेलो. बालाजी दुकानाच्या उंबऱ्यावर बसला होता. समोर कापसाचा ढीग, हात गुडघ्यांवर. मी काम सांगितलं, चुचकारलं, रागावलो. तो माझ्याकडं न बघता रस्त्याच्या टोकाकडं बघत होता. रशीदभाई म्हणाले, सकाळी तर तो उठून सरळ रस्त्यात गेला, कापसाचा ट्रॅक्टर येत होता, त्यांच्या पोरानं धावत जाऊन त्याला ओढलं म्हणून बरं.

"काय झालं असेल हो?" मी विचारलं.

"होना क्या है? छत्री नहीं आयी ना."

"कुठली छत्री?"

रशीदभाईंनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मलाच काही समजत नाही. "अरे, मॅडम की! रोज सकाळी त्या कोपऱ्यावर, रसवंतीच्या मागं उभ्या ऱ्हातात ना. रसवंतीच्या ताडपत्रीवरून छत्री दिसते. बालाजी पहिले छत्री देखता, फिर कापसाला हात लावतो. मेरेकू लगा, तुम लोगां का कायदाच वैसा है."

मी रसवंतीजवळ जाऊन उभा राहिलो. तिथून दुकानाचं फक्त दार दिसत होतं. मॅडमना वाटलं असेल की आपण लपलोय. त्या लपल्या होत्या, पण छत्री लपली नव्हती.

त्या परत आल्या त्या काळा चष्मा घालून. मी सगळं सांगितलं. आधी चिडल्या. "रशीदभाईला काय कळतंय त्यातलं? हवा बदलली की ही लेकरं बिथरतेत." मग माझ्या टेबलावरचा खडू उचलून बोटांत फिरवत राहिल्या.

"मंजे मी गायब झालेच न्हाई," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम, रोज काऊन जायच्या तुमी तिथं?"

"करमत नव्हतं," त्या म्हणाल्या. 

मग त्यांनी एक गोष्ट केली. स्वतः दुकानात गेल्या नाहीत. आपली छत्री माझ्याजवळ दिली आणि दुकानात खिळ्याला टांगायला सांगितलं. बालाजीला ती दिसत राहील, तो कामाला लागेल, मग हळूहळू तीही काढून घेऊ. मला ते पटलं. कागदावर बरोबरच होतं.

बालाजीनं खिळ्यावर छत्री पाहिली. उठला. ती काढून घेतली. मला वाटलं, उराशी धरून बसेल. तो रस्ता ओलांडून समोरच्या बंद शटरपुढं गेला, छत्री उघडली आणि दुकानाकडं तोंड करून उभा राहिला. मॅडम जशा उभ्या राहायच्या अगदी तसा, एक पाय जरा पुढं, मान किंचित वाकडी. तास गेला तरी हलेना.

"मॅडमची ड्युटी करायलाय," रशीदभाईंचा मुलगा हसला. रशीदभाईंनी त्याला "चूप बे" म्हटलं.

आठवडाभर तसंच. बाजाराला नवा तमाशा मिळाला. पोरं मोबाईलवर शूटिंग करायला लागली. "ओ मॅडम, एसटी कधी येनार?" आता हे बालाजीला विचारायचे, आणि तो खुशीत हसायचा. एके दिवशी मारोतराव संध्याकाळच्या दुधाला आले तेव्हा हे चाललं होतं. त्यांनी गाडी उभी केली, गर्दीतून वाट काढली, पोराच्या हातातली छत्री मिटली, दुकानाच्या पायरीवर ठेवली आणि पोराला मागं बसवलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आणि मी त्यांना डेअरीवर गाठलं.

"मारोतराव, चूक माजी हाय, त्येची न्हाई," मॅडम म्हणाल्या. "मला थोडे दिस द्या. पुन्ना पैल्यापासून करते. छत्री न घेता करते."

मारोतराव कॅन धूत होते. वर न बघता म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर राग न्हाई. तुमी केलं तेवढं सख्खं कुनी करनार न्हाई. पन घरी बसला तर निदान लोक तरी हसनार न्हाईत."

"घरी बसून सगळं इसरंल तो."

"इसरू द्या." मग त्यांनी मान वर केली. "तुमी किती दिस पुरनार मॅडम त्येला?"

मॅडमना कुणाही माणसाला उत्तर द्यायला कधी वेळ लागत नसे. ऑटोवाला, साहेब, मुख्याध्यापक, मी. त्या दिवशी त्या डेअरीच्या ओल्या फरशीवर नुसत्या उभ्या राहिल्या. मारोतरावांनी गाडीला किक मारली.

बातमी पालकांत पसरली. सुमनच्या आईनं नको म्हणून कळवलं, लॉन्ड्रीवाल्यानं "बगू पुढं" म्हटलं. रशीदभाई मात्र बरेच दिवस विचारायचे, "भेजो ना किसी को." पण कुणाचे आईबाप तयार होईनात. मुख्याध्यापकांनी माळ्यावरचे साचे खाली काढले. मॅडम परत मेण वितळवायला लागल्या. बडबड कमी झाली. छत्री हातात असायची, पण मिटलेली. भर उन्हात ती काठीसारखी टेकत चालायच्या. मी एकदा म्हटलं, "मॅडम, उघडा की, डोळ्याचं ऑपरेशन झालंय." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला पुरी-बासुंदीच होती. त्या वेळी त्या जेवायला बसल्या. मांडीवर नारळ, खांद्यावर शाल. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "चांगलं असतंय की हे जेवन. उगं नावं ठेवली."

सेलू कायमचं सोडायच्या आधी त्यांनी मला फोन केला. "पदवीधर, बालाजीकडं जाऊन येऊ."

एसटीनं गेलो. फाट्यावर उतरलं की समोरच मारोतरावांचं घर, मधे उघडं पटांगण. मारोतराव रानात होते. बालाजीच्या आईनं चटई टाकली, पाणी दिलं. बालाजी भिंतीला टेकून बसला होता. अंग सुटलं होतं, दाढी वाढली होती.

"कसा हाय?" मॅडमनी विचारलं.

"बरा हाय की मॅडम. काय तरास न्हाई. बसून असतो."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

बालाजी मात्र मॅडमच्या हातातल्या मिटलेल्या छत्रीकडं बघत होता. बराच वेळ बघितलं. मग उठून घरात गेला आणि आपली अंथरायची गादी ओढत अंगणात आणली. बसला, आणि कडेचे टाके तोडायला लागला.

"अरं, अरं! चांगली गादी हाय ती!" आई धावली.

"करू द्या," मॅडम म्हणाल्या. "करू द्या वैनी."

त्यानं सगळा कापूस उपसला. गोळे बोटांनी सोडवले. मग खोळीत हात घातला, खांद्यापर्यंत. आधी एक कोपरा, मग दुसरा. पोटाला शेवटी हात लावला. उठून गोठ्यातून काठी आणली आणि झोडपायला लागला. कापूस अंगणभर उडत होता. त्याची आई दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

मॅडम चटईवरून उठून अंगणाच्या तोंडाशी गेल्या. थोड्या वेळानं पटांगण ओलांडून फाट्यावर. मी त्यांच्यामागं. परतीच्या एसटीची वेळ झाली होती. मागं वळून पाहिलं तर बालाजीची काठी थांबली होती. तो आमच्याकडं तोंड करून उभा होता.

मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं. हातातली छत्री दोनदा जमिनीवर टेकली. मग उघडली.

काठीचा आवाज परत सुरू झाला.

एसटी आली. मी दार धरलं. मॅडम जागच्या हलल्या नाहीत.

"तुमी जावा, पदवीधर. मी मागच्या गाडीनं येते."

"मॅडम, मागं गाडी कुठंय?"

"असतीय एखादी. जावा तुमी."

कंडक्टरनं घंटी दिली. मी मागच्या बाकावर जाऊन काचेतून बघितलं. रस्त्याच्या कडेला काळी छत्री उभी होती, आणि पटांगणापलीकडं अंगणात काठी वर जात होती, खाली येत होती.